पिशवी भरली, पुढे काय?

'आपत्कालीन पिशवी' आता आपल्या शाळांच्या चांगलीच ओळखीची झाली आहे. टॉर्च, शिटी, प्रथमोपचाराचे सामान, कोरडा खाऊ, पाण्याच्या बाटल्या, महत्त्वाच्या कागदांच्या प्रती, घरात तान्हे मूल असेल तर दुधाची भुकटी आणि लंगोट. ही यादी भित्तिपत्रकावर येते, आपत्ती व्यवस्थापनाच्या तासाला फळ्यावर येते आणि मुले ती प्रकल्पवहीत चित्रांसह उतरवून काढतात. यादीत चूक काढण्यासारखे फारसे नाही. पण ती ज्या पुस्तिकांतून आपल्यापर्यंत झिरपत आली, त्या मुळातून वाचण्याचे आणि तपासण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात.

वास्तविक या पुस्तिका म्हणजे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आहे. सरकारे ते लिहवून घेतात, लाखांच्या संख्येने छापतात आणि फुकट घरोघरी पोचवतात. स्वीडनने १९४३ साली, ऐन महायुद्धात, अशी पुस्तिका काढली होती. २०१८ मध्ये तिची नवी आवृत्ती सुमारे ४८ लाख घरांत गेली आणि नोव्हेंबर २०२४ पासून सुधारलेली आवृत्ती पन्नास लाखांहून अधिक घरांत. टोकियो महानगराने २०१५ मध्ये तीनशेहून अधिक पानांचे पिवळ्या वेष्टनाचे पुस्तक घरटी एक याप्रमाणे वाटले. एवढा वाचकवर्ग भल्याभल्या कादंबरीकारांना लाभत नाही. तेव्हा कुटुंबासाठी लिहिलेल्या कोणत्याही पुस्तकाला विचारावा तो प्रश्न यांनाही विचारायला हरकत नसावी : यात मूल काय करते?

बहुतेक ठिकाणी उत्तर निराशाजनक आहे. मूल काहीच करीत नाही. त्याच्यासाठी खाऊ ठेवायचा, औषध ठेवायचे, आवडते खेळणे ठेवायचे, त्याची समजूत काढायची आणि वेळ आली की त्याला उचलून न्यायचे. स्वीडिश पुस्तिकेच्या ताज्या आवृत्तीत मुलांशी संकटाबद्दल कसे बोलावे याचा मजकूर आहे आणि तो समजूतदारपणे लिहिलेला आहे, पण तेथेही बोलणारे मोठे आणि ऐकणारे मूल ही वाटणी कायम आहे. मूल हा सामानातला सर्वांत नाजूक नग, एवढीच या वाङ्मयाची मुलाविषयी कल्पना. शाळेत दिवसाचे पाच-सहा तास ज्यांच्या हवाली मुले असतात, त्या शिक्षकांना या कल्पनेची किंमत कळावी म्हणून हा लेख.

मुलाला काहीतरी करायला सांगणारा एक जुना प्रयत्न सर्वांना ठाऊक आहे आणि तो चेष्टेचा विषय झाला आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये सोविएत रशियाने पहिला अणुस्फोट केला. अमेरिकेत घबराट पसरली आणि १९५१ साली तेथील नागरी संरक्षण प्रशासनाने शाळांसाठी नऊ-दहा मिनिटांची एक फिल्म करवून घेतली. तिच्यात बर्ट नावाचे एक कासव होते. धोका दिसला की ते कवचात शिरे. मुलांनीही लख्ख प्रकाश दिसताच बाकाखाली वाकून डोके झाकावे, हा तिचा संदेश. अणुबाँबपुढे लाकडी बाक कसले टिकणार, असे म्हणून पुढच्या पिढ्या या फिल्मला हसल्या. स्फोटाच्या जवळ असलेल्यांपुरते हे हसणे रास्त आहे. दूर असलेल्यांपुरते मात्र कासवाचे म्हणणे भौतिकशास्त्राला धरून होते. प्रकाश तत्क्षणी पोचतो, दाबाची लाट मागाहून येते, आणि मधल्या वेळात खिडकीपासून दूर झालेला माणूस काचांच्या माऱ्यातून वाचतो.

याचा पडताळा अणुबाँबने नव्हे, तर एका उल्केने दिला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर आकाशात एक मोठी उल्का फुटली. डोळे दिपवणारा प्रकाश पाहून लोक साहजिकच खिडक्यांकडे धावले. दोन-सव्वादोन मिनिटांनी दाबाची लाट आली आणि शहरभर काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतले बरेचसे काचांनी. तेथील चौथीच्या एका शिक्षिकेने प्रकाश दिसताच वर्गातल्या ४४ मुलांना बाकांखाली जायला सांगितले. तिला स्वतःला काचांनी खोल जखमा झाल्या, मुलांपैकी एकालाही इजा झाली नाही.

तर मग कासवाच्या फिल्ममध्ये उणे काय? आमच्या मते उणे हेच की तिने कृती शिकवली आणि कारण झाकून ठेवले. प्रकाश आणि लाट यांच्यामध्ये वेळ का असतो, किती असतो, अंतर वाढले की तो कसा वाढतो, यातले काही तिने सांगितले नाही. कारण ठाऊक नसलेली कृती एकाच प्रसंगाला चिकटून राहते. कारण समजलेले मूल तीच गोष्ट दुसरीकडे नेते. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत मराठवाड्यात आणि विदर्भात दरवर्षी शेतात, झाडाखाली माणसे विजेने मरतात. वीज चमकली की अंक मोजायला लागायचे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यावर पडू शकते. झाड सोडून पक्क्या घरात जायचे. सातवीतल्या मुलाला हे समजते, आणि मुख्य म्हणजे ते शेतावर आजोबांना सांगू शकते. यासाठी पिशवी लागत नाही.

१९८० साली ब्रिटिश सरकारने पन्नास पेन्सला विकलेली अणुयुद्धविषयक पुस्तिका मात्र कासवाइतकीही दया दाखवण्याजोगी नाही. घराची दारे बिजागऱ्यांतून काढून आतल्या भिंतीला तिरपी टेकवावीत, त्यांवर मातीच्या पिशव्या रचाव्यात, चौदा दिवसांचे अन्नपाणी जवळ घेऊन कुटुंबाने आत बसावे, असे तीत सांगितले होते. इतिहासकार ई. पी. टॉम्प्सन यांनी त्याच वर्षी तिला खरमरीत उत्तर दिले. पण तिच्यावरची सर्वांत कठोर टीका १९८२ मध्ये रेमंड ब्रिग्ज या चित्रकाराने केली. त्याच्या चित्रकथेतले साधेभोळे म्हातारे जोडपे सरकारी सूचना शब्दशः पाळते आणि सूचना पाळता पाळताच किरणोत्साराने झिजत जाते. त्या पुस्तिकेबद्दल याहून जास्त लिहिण्याची गरज आम्हांला वाटत नाही.

टोकियोचे पिवळे पुस्तक वाचताना मात्र मन प्रसन्न होते. वर्तमानपत्राची घडी घालून ताटली कशी करावी, प्लास्टिकच्या पिशवीचा तात्पुरता लंगोट कसा करावा, असल्या युक्त्या त्यात आहेत आणि त्या मुलांना करून पाहता येतात. साठवणीविषयीचा त्याचा सल्लाही शहाणपणाचा आहे. फडताळात वेगळी 'आपत्कालीन' पेटी भरून विसरून जाण्यापेक्षा रोजच्या खाण्यातलेच पदार्थ थोडे जास्त आणावेत, जुने आधी खावे आणि खाल्ले तेवढे पुन्हा भरावे. तीन वर्षांनी पेटी उघडल्यावर मुदत टळलेली बिस्किटे निघतात, हा अनुभव जपान्यांनाही असणार.

कोकणातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पावसाळ्याआधी आगोट भरण्याची रीत हीच. तांदूळ, डाळी, मीठमसाला, सुके मासे, पापड-कुरड्या, शाकारलेले छप्पर, कोरडी लाकडे. चार महिने वाट बंद होणार हे धरून घर चालायचे. हिला स्वावलंबन म्हणून आज गौरवले जाते तेव्हा एक गोष्ट विसरली जाते, की त्या स्वावलंबनाचे निम्म्याहून अधिक श्रम घरातल्या बायकांचे होते आणि त्या श्रमांचा हिशेब कोणत्याही यादीत नाही. शिवाय आगोट ही ठरल्या वेळी येणाऱ्या, माहितीच्या अडचणीसाठी होती. अवचित येणाऱ्या संकटाशी तिचा संबंध थोडा.

पाण्याच्या बाबतीतही परक्या यादीची नक्कल थांबून करावी. माणशी रोज तीन लिटर हे प्रमाण योग्य आहे. चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ३६ लिटर, म्हणजे दोन मोठे हंडे. ज्या गावात टँकर आठवड्याने येतो तेथे घरटी याच्या कितीतरी पट पाणी पिंपात भरलेले असते. त्यांना बाटल्या ठेवा म्हणून सांगणे हास्यास्पद होय. त्यांना सांगण्याजोगी गोष्ट वेगळी आहे, आणि ती विज्ञानाच्या तासाची आहे. पुराचे गढूळ पाणी तुरटी फिरवून नितळते, त्यामुळे ते शुद्ध झाले असा समज सर्रास आढळतो. तुरटीने मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. त्यांच्याबरोबर काही जंतू खाली जातात, पण मरत नाहीत. उलट गढूळ पाण्यात थेट क्लोरीनची गोळी टाकली तर त्यातल्या सेंद्रिय घाणीतच बराचसा क्लोरीन खर्च होतो. म्हणून आधी निवळणे, मग गोळी, मग निदान अर्धा तास थांबणे, हा क्रम. किंवा सरळ उकळणे. आणि तरीही जुलाब सुरू झालेच, तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे पाणी दहा वर्षांच्या मुलीला बिनचूक करता येते, आणि लहान भावंडाचा जीव वाचवण्यात ते पिशवीतल्या पुष्कळ वस्तूंना मागे टाकील.

येथवर आपण सामानाविषयी बोललो. ज्या आपत्तीत हाताशी तास-अर्धा तासच असतो तेथे सामान बिनकामाचे ठरते आणि दुसरेच काही लागते. जपानने त्यासाठी एका काळी पुस्तिका नव्हे, तर गोष्ट वापरली होती. गोष्ट सर्वांना वाचायला मिळावी अशी आहे, आणि ती चिकित्सेलाही पात्र आहे.

गोष्टीचे नाव 'इनामुरा नो हि', म्हणजे भाताच्या उडव्यांना लावलेली आग. समुद्रकाठच्या गावाचा म्हातारा मुखिया टेकडीवर राहत असतो. खाली गाव उत्सवाच्या तयारीत दंग. एक मंद, लांबलेला भूकंप होतो. त्याकडे कोणी लक्ष देत नाही. मुखियाला वरून दिसते की समुद्र मागे सरकतो आहे. ओरडून ऐकू जाणार नाही, म्हणून तो आपल्या शेतातल्या कापून रचलेल्या भाताला, वर्षाच्या पिकाला, आग लावतो. आग विझवायला सारा गाव धावत वर येतो आणि खाली लाट गाव गिळते.

ही गोष्ट लाफ्काडिओ हर्न या लेखकाने १८९७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. तिच्यामागे एक खरा माणूस होता. हामागुची गोर्यो, सोया सॉस तयार करणाऱ्या घराण्यातला व्यापारी. १८५४ च्या भूकंपात वाकायामा भागातल्या हिरो गावावर त्सुनामी आली तेव्हाची त्याची हकीकत. त्याच परिसरातल्या नाकाई त्सुनेझो या प्राथमिक शिक्षकाने हर्नची गोष्ट मुलांसाठी जपानीत बेतली. शिक्षण मंत्रालयाने पाठ्यपुस्तकासाठी साहित्य मागवले होते, त्यांत ती निवडली गेली आणि १९३७ ते १९४७ अशी दहा वर्षे ती देशभरच्या प्राथमिक शाळांत शिकवली गेली. एका शिक्षकाच्या लेखणीने इतका मोठा पल्ला गाठल्याची उदाहरणे थोडी.

खरे काय घडले ते गोष्टीहून बरेच वेगळे आहे. गोर्यो म्हातारा नव्हता, पस्तिशीचा होता. त्याचे घर टेकडीवर नव्हते, खाली गावातच होते. भूकंप मंद नव्हता, जोराचा होता. त्याने पेटवला तो मळणी झालेल्या भाताचा पेंढा, आणि तोही लाट येण्यापूर्वी लोकांना बोलावण्यासाठी नव्हे. रात्रीच्या अंधारात जीव घेऊन पळणाऱ्यांना उंचवट्यावरच्या देवळाची वाट दिसावी म्हणून. हर्नने १८५४ च्या माणसाला १८९६ चा भूकंप जोडलेला दिसतो. १८९६ मध्ये जपानच्या ईशान्येकडील सान्रिकु किनाऱ्यावर हलकासा धक्का बसला होता आणि अर्ध्या तासाने आलेल्या लाटेने सुमारे २२,००० लोक नेले होते.

काल्पनिक गोष्टीत असे फेरफार चालतात. पण ही गोष्ट शिकवण्यासाठी आहे, म्हणून तिच्यातल्या एका तपशिलाबद्दल आम्ही कडक आहोत. समुद्र आधी मागे हटतो, मग लाट येते, हा तो तपशील. समुद्रतळ जेथे खचतो त्या बाजूला पाणी आधी ओसरते, जेथे उचलला जातो त्या बाजूला ते आधी चढते. २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आधी मागे गेला. तेथे सुटीसाठी आलेल्या दहा वर्षांच्या एका इंग्रज मुलीने भूगोलाच्या तासाला दोनच आठवड्यांपूर्वी शिकलेली खूण ओळखली आणि किनाऱ्यावरची माणसे वाचवली, हे सर्वत्र छापून आले. पण त्याच दिवशी, त्याच भूकंपाने, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पाणी आधी चढले. ओहोटीची वाट पाहणाऱ्या मुलाला तेथे कोणतीच सूचना मिळाली नसती. तेव्हा इनामुराची गोष्ट वर्गात जरूर सांगावी, आणि सांगून झाल्यावर ही दुरुस्तीही सांगावी.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. गोष्ट आगीपाशी संपते. गोर्योचे काम तेथे सुरू झाले होते. उद्ध्वस्त गाव सोडून लोक जाऊ लागले होते. त्याने स्वतःच्या पैशांनी १८५५ ते १८५८ या काळात सुमारे ६०० मीटर लांबीचा आणि पाच मीटर उंचीचा बांध घातला आणि मजुरी देऊन गावातल्याच लोकांना कामाला लावले. गाव टिकले. तो वारल्यावर साठ वर्षांनी, १९४६ मध्ये, पुन्हा त्सुनामी आली तेव्हा त्या बांधाने गावाचा मोठा भाग राखला. एका क्षणाची चतुराई पाठ्यपुस्तकात गेली आणि चार वर्षांची चिकाटी बाहेर राहिली. २०११ पासून जपानमधील पाचवीच्या एका पुस्तकात गोर्योवर जो नवा पाठ आला, त्यात बांधाची हकीकतही आहे, हे बरे झाले.

मधल्या काळात गोष्ट पुस्तकांतून गेलेली होती. २६ मे १९८३ रोजी जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ भूकंप झाला. डोंगराकडच्या एका प्राथमिक शाळेची सहल त्या दुपारी समुद्रावर डबा खायला पोचली होती. त्यांतली १३ मुले लाटेने नेली. 'या बाजूच्या समुद्रात त्सुनामी येत नाही' असा त्या भागात समज होता.

आता २०११. ११ मार्च, दुपारी २ वाजून ४६ मिनिटे. येथे दोन शाळांची हकीकत शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागते.

सान्रिकु किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरात गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका काताडा काही वर्षे शाळांबरोबर काम करीत होते. मुलांना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. गृहीत धरलेल्यावर विसंबू नका. त्या क्षणी जमेल तेवढे सगळे करा. सर्वांत आधी पळणारे तुम्ही व्हा. पहिली गोष्ट एका अभियंत्याने सांगावी याचे आम्हांला फार अप्रूप वाटते. शहराने धोक्याचा नकाशा छापला होता; पाणी कोठवर येईल त्याची रेषा त्यावर होती. मुलांना तो नकाशा दाखवून काताडा सांगत, की यावर विश्वास ठेवू नका. कारण ती रेषा समुद्राने आखलेली नाही. अमुक एवढा भूकंप होईल असे धरून गणिताने काढलेली ती रेषा आहे. धरलेले बदलले की रेषा सरकते. विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिमान म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला पाठ आम्हांला माहीत नाही.

उनोसुमाई वस्तीतली प्राथमिक शाळा त्या रेषेच्या बाहेर, म्हणजे नकाशाप्रमाणे सुरक्षित होती. धक्का थांबल्यावर तिथली मुले तिसऱ्या मजल्यावर चढली. शेजारच्या माध्यमिक शाळेतली मुले मात्र थेट बाहेर पडून पळत सुटली होती. त्यांना पाहून प्राथमिकची मुले खाली उतरली आणि त्यांच्यामागे निघाली. ठरलेल्या ठिकाणी पोचल्यावर मागचा कडा कोसळलेला दिसला, म्हणून सगळे आणखी पुढे गेले. तेथूनही लाट येताना दिसली, म्हणून आणखी वर. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले होते. मागे शाळेत पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले; तेथे एक मोटार अडकून राहिली होती. कामाइशीत प्राथमिक व माध्यमिकची मिळून जवळजवळ तीन हजार मुले होती. त्यांतली पाच दगावली, आणि ती शाळेबरोबर नव्हती.

वृत्तपत्रांनी याला 'कामाइशीचा चमत्कार' म्हटले. शहराने पुढे हा शब्द टाकून दिला, आणि योग्यच केले. एक तर वर्षानुवर्षांच्या सरावाला चमत्कार म्हणणे हा सरावाचा अपमान. दुसरे असे, की त्याच उनोसुमाईत दीडशेहून अधिक माणसे 'आपत्ती निवारण केंद्र' नावाच्या इमारतीत आसऱ्याला गेली आणि तेथेच बुडाली. ती इमारत त्सुनामीसाठी ठरवलेली जागा नव्हती. पण चढण चढावी लागत नाही म्हणून लोक सरावाला तेथे जमत असत. सराव कोणत्या जागी करतो हेदेखील शिकवणेच असते.

दुसरी शाळा इशिनोमाकी शहराची ओकावा प्राथमिक शाळा. किताकामी नदीच्या काठी, समुद्रापासून चारेक किलोमीटर आत. नकाशाच्या रेषेबाहेर, इतकेच नव्हे तर आसऱ्याची जागा म्हणून सरकारदप्तरी नोंदलेली. भूकंपानंतर शिक्षकांनी मुलांना शिस्तीत मैदानात बसवले. हजेरी घेतली. काही पालक आले आणि आपापल्या मुलांना घेऊन गेले. बाकीच्यांनी कोठे जावे याचा निर्णय होईना. शाळेला लागून डोंगर होता. मुले अळंबीच्या लागवडीच्या पाठासाठी त्यावर जात असत. डोंगरावर जाऊ या असे काही मुले म्हणत होती, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. शाळेच्या आराखड्यात त्सुनामीच्या वेळी जवळच्या मोकळ्या जागी किंवा बागेत जावे असे लिहिलेले होते, आणि तशी उपयोगाची जागा जवळपास नव्हती. पन्नास मिनिटांनी पाणी आले. शाळेची ७४ मुले आणि १० शिक्षक गेले.

पालक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने शाळेचा आराखडाच अपुरा होता असे ठरवून शहर व प्रांत यांना जबाबदार धरले, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाल कायम झाला. शाळेने नकाशा तपासून पाहायला हवा होता, हा त्या निकालाचा रोख आहे. आम्ही ओकावाच्या शिक्षकांकडे बोट दाखवू इच्छित नाही; ते मुलांबरोबर गेले. पण जपानमधील सुसज्ज शाळेत, सराव ठाऊक असलेल्या मुलांसमोर पन्नास मिनिटे असताना जे कमी पडले, ते पिशवीत मावणारे नव्हते. आराखडा होता, तो कोणी पायी चालून पाहिलेला नव्हता.

आपल्याकडे 'शाळेचा आपत्ती आराखडा' कपाटात असतो. त्यातल्या 'सुरक्षित मोकळी जागा' या शब्दांसमोर प्रत्यक्षात कोणते मैदान आहे, पहिलीच्या मुलाला तेथवर जायला किती मिनिटे लागतात आणि वाटेत ओढा आहे का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ आराखडे गळून पडतील असे वाटते.

सान्रिकुच्या बोलीत 'तेन्देन्को' असा एक शब्द आहे. ज्याने त्याने आपापले, असा त्याचा अर्थ. त्सुनामी आली की कोणी कोणासाठी थांबू नये. प्रत्येकाने आपला जीव घेऊन वर पळावे. फुमिओ यामाशिता या त्सुनामीच्या अभ्यासकामुळे १९९० नंतर तो शब्द सर्वत्र गेला. ऐकताना तो निष्ठुर वाटतो. आपल्या घरात असे कोणी बोलले तर त्याला माणुसकी नाही असेच म्हणू. पण १८९६ आणि १९३३ मध्ये एकमेकांना शोधायला मागे फिरून घरेच्या घरे संपली, त्या अनुभवातून तो आला आहे.

काताडांनी या शब्दातली अडचण ओळखली होती. मुलांना त्यांनी विचारले : तू घरी एकटा असताना भूकंप झाला तर तू काय करशील? मुलांनी लिहिले, पळेन. मग विचारले : तुझे आईवडील काय करतील? मुलांनी लिहिले, मला घ्यायला येतील. म्हणजे ज्या दिशेने पाणी येणार त्या दिशेला आई धावणार. हा कागद घरी न्यायचा आणि आईला पटेपर्यंत सांगायचे, की मी नक्की पळेन, तू मला शोधायला येऊ नकोस, तूही पळ. आईचा विश्वास बसला नाही तर शाळेतले सगळे शिक्षण फुकट. कुटुंबाची सज्जता म्हणून जे काही आम्ही वाचले त्यात हा एका कागदाचा पाठ आम्हांला सर्वांत वरचा वाटतो. त्यात मूल हे कर्ते आहे, आणि आईबापांना काहीतरी शिकायचे आहे.

स्वावलंबनाला मर्यादा असतात, हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण अलीकडे या शब्दाचे फार स्तोम माजले आहे. २००४ मध्ये तामिळनाडूत धक्का फारसा जाणवला नव्हता आणि लाट यायला दोन तासांहून अधिक वेळ होता. त्या वेळात घरात बसून कोणत्याही कुटुंबाला काहीही कळण्यासारखे नव्हते. तेथे सागरतळावरची उपकरणे, किनाऱ्यावरची मापके आणि ती अहोरात्र वाचणारी माणसे लागतात. हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून ते काम करते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली. ती झोपेत होती, आणि टेबलाखाली जा हा सल्ला ज्या घरांसाठी लिहिला गेला तशी ती घरे नव्हती. दगडमातीच्या जाड भिंती, दोन पदरांच्या, मध्ये भर. वर मातीचे जड धाबे. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार लांब दगड भिंतीत नसले की धक्क्याने पदर सुटतात आणि धाबे खाली येते. भिंतीत असे दगड आहेत का हे मूल पाहू शकेल. ते घालायचे तर गवंडी हवा, पैसे हवेत, आणि बांधणाऱ्याला कोणीतरी विचारणारे हवे. 'तुमची सुरक्षा तुमच्या हाती' असे छापून ही जबाबदारी घराच्या उंबऱ्याआत ढकलणाऱ्या पत्रकांकडे शिक्षकांनी सावधपणेच पाहावे.

काताडांचा कागद आपल्या शाळांत जसाच्या तसा चालणार नाही. समुद्राऐवजी ओढा घ्यावा लागेल, कोठे दरड, कोठे धरणाचे सोडलेले पाणी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या संध्याकाळी मुले शाळांत अडकली होती आणि त्यांना आणायला निघालेले पालक कमरेएवढ्या पाण्यात होते. तेव्हा प्रश्न असा विचारता येईल : तू शाळेत आहेस, ओढ्याला पाणी आले आहे, संध्याकाळचे पाच वाजले आहेत. तू काय करशील? तुझ्या घरचे काय करतील? पहिल्या प्रश्नाची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचायला हरकत नाही. दुसऱ्या प्रश्नाची वाचू नयेत. त्यांत घरोघरच्या गोष्टी येतात, आणि ज्याला घ्यायला येणारे कोणी नाही असाही एखादा मुलगा वर्गात असतो. कागद शनिवारी देऊ नये. सोमवारी द्यावा, म्हणजे घरून आलेल्या उत्तरावर बोलायला आठवडा हाताशी राहतो, आणि शुक्रवारपर्यंत मुलांबरोबर त्या ओढ्याच्या वाटेने एकदा चालून येता येते.